अन्न छापणारे यंत्र आणि तांदळाची कणी : तंजावरच्या प्रयोगशाळेकडून काय घ्यावे?

यंत्राच्या तोटीतून पिठाच्या लगद्याची बारीक धार पडते, थरावर थर चढतो आणि काही मिनिटांत ताटलीत फूल, कासव किंवा एखादे अक्षर उभे राहते. त्रिमितीय अन्नछपाईच्या अशा चित्रफिती आता खेड्यापाड्यांतील भ्रमणध्वनीवरही सहज पोहोचतात. त्या पाहून ‘असे यंत्र आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीने घ्यावे का?’ असा प्रश्न एखाद्या उत्साही सभासदाने विचारला, तर त्याला हसण्यावारी नेऊ नये आणि घाईने होकारही देऊ नये. या तंत्रावर भारतात पद्धतशीर काम झालेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे तमिळनाडूतील तंजावर. तेथील अनुभव पाहिला, तर या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर मिळते.

ओल्या भातापासून छपाईपर्यंत

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार. तेथील ‘कुरुवै’ हंगामाचे भात साधारण जूनमध्ये लावले जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीला येते. नेमक्या त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस दार ठोठावतो. खळ्यावरचे भात भिजते, त्याला कोंब फुटतात, दाणा पिवळा पडतो. हे ओले भात वाचवायचे कसे, या प्रश्नातून १९६७ मध्ये तिरुवारूर येथील आधुनिक भातगिरणीच्या आवारात एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे पुढे तंजावर येथे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाले. काळानुसार या केंद्राचे कार्यक्षेत्र इतर पिकांपर्यंत विस्तारले, नावे बदलली. आज ही संस्था राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था, तंजावर या नावाने ओळखली जाते. २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. अन्नछपाईवरील तेथील बहुतेक प्रयोग तत्कालीन संचालक डॉ. सी. आनंदरामकृष्णन यांच्या कारकिर्दीत झाले.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. सरफोजीराजे (दुसरे) यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तेथे देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालत होता. इसापनीतीचे मराठी रूपांतर असलेली ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये तेथेच छापली गेली. नव्या यंत्राकडे कुतूहलाने पाहणे या गावाला नवे नाही.

यंत्र चालते कसे?

प्रचलित अन्नछपाई यंत्रांपैकी बहुतेकांचे तत्त्व घरातल्या चकलीच्या सोऱ्याचेच आहे. नळकांड्यात लगदा भरायचा, दट्ट्याने दाबायचा आणि तोटीतून बाहेर काढायचा. फरक इतकाच की दाब, वेग आणि तोटीची हालचाल यांवर संगणकाचे नियंत्रण असते. संगणक हव्या त्या आकृतीचे आडवे पातळ थर पाडतो आणि तोटी ते थर एकावर एक रचत जाते.

खरी कसोटी यंत्राची नसून लगद्याची असते. दाब पडताच तो सुरळीत वाहिला पाहिजे आणि ताटलीत पडताच जागच्या जागी घट्ट राहिला पाहिजे. फार पातळ असेल तर थर पसरतात, फार घट्ट असेल तर तोटी तुंबते. मोदकाची उकड काढणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. पाण्याचे प्रमाण, उष्णता आणि तांदळाची जात यांचा मेळ बसला, तरच पारी न फाटता उभी राहते. पाणी व उष्णता मिळताच पिठातील स्टार्चचे कण फुगतात आणि त्यांचा चिकट, घट्ट गोळा बनतो. हा गोळा किती चिकट व किती ताठ होईल, हे बऱ्याच अंशी स्टार्चमधील अमायलोजच्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणूनच मऊ, चिकट शिजणाऱ्या इंद्रायणीचे पीठ आणि मोकळा भात होणाऱ्या जातीचे पीठ तोटीत सारखे वागत नाही.

तंजावरात काय काय छापले गेले?

तांदळाच्या स्टार्चवरील प्रयोगांत त्याचे प्रमाण, तोटीचा व्यास, छपाईचा वेग आणि मोटरचा वेग यांचा मेळ अभ्यासला गेला. अंड्याचा पांढरा आणि पिवळा बलक एरवी छापता येत नाही, कारण तो पसरतो. त्यात तांदळाचे पीठ मिसळल्यावर आकार टिकू लागला. सावा या भरडधान्याचे पीठ, मूग, डाळे आणि ओवा यांच्या मिश्रणातून तंतुमय खाऊ तयार करण्यात आला. 

शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक लक्षणीय प्रयोग मात्र ‘टाकाऊ’ समजल्या जाणाऱ्या पदार्थांवर झाले. बटाट्याच्या सालींपासून नूडल्स, द्राक्षाचा चोथा आणि गव्हाची कणी यांपासून बिस्किटे, तर भाताचे तूस आणि उसाचे चिपाड यांपासून वेष्टनाची आवरणे छापून पाहण्यात आली. तुसात सिलिकाचे प्रमाण मोठे असल्याने ते माणसाच्या खाण्यायोग्य नाही. परंतु बारीक दळून, गवारीच्या डिंकासारखा बांधणारा पदार्थ मिसळला की त्याला आकार देता येतो.

झगमगाटापलीकडच्या मर्यादा

पहिली मर्यादा वेगाची. एक छोटा नग छापायला काही मिनिटे लागतात, तर साधे शेवयांचे यंत्र तेवढ्या वेळात कितीतरी किलो माल काढते. दुसरी मर्यादा अशी की बहुतेक पिठांच्या बाबतीत छापणे म्हणजे शिजवणे नव्हे. छापलेला नग नंतर वाळवावा, भाजावा किंवा तळावा लागतो आणि त्या वेळी तो आक्रसू शकतो किंवा त्याला तडे जाऊ शकतात. तिसरी मर्यादा बाजाराची. हजारो ग्राहकांना एकच वस्तू हवी असेल, तर छपाईचा लाभ नाही. प्रत्येकाला वेगळी वस्तू हवी असेल तेथेच तिचा उपयोग.

म्हणून जगात या तंत्राचा विचार प्रामुख्याने विशेष गरजांसाठी झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ने २०१३ मध्ये दीर्घ अंतराळ प्रवासातील आहारासाठी एका कंपनीला संशोधन निधी दिला. युरोपात गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांसाठी मऊ, पण ओळखीच्या आकाराचे अन्न छापण्याचा प्रकल्प राबवला गेला. रुग्णालयातील पथ्याचा आहार हे याचे उद्याचे क्षेत्र असू शकते; गावातील गृहोद्योगाने कर्ज काढून हे यंत्र आणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

मग शेतकऱ्याने यातून काय घ्यावे?

यंत्र घेऊ नये, पण यंत्राची मागणी समजून घ्यावी. छपाई यंत्राला अखंड, लांब, देखणा दाणा लागत नाही. त्याला पीठ लागते. बाजारात अखंड तांदूळ आणि कणी यांच्या दरात मोठी तफावत असते, ती दिसण्यावरून. पीठ झाल्यावर हा भेद उरत नाही. मात्र यंत्र दुसऱ्याच गोष्टीबाबत कठोर असते, आणि ती गोष्ट म्हणजे एकसारखेपणा. आज आलेले पीठ आणि पुढच्या महिन्यात येणारे पीठ यांची जात, ओलावा आणि बारीकपणा सारखा नसेल, तर तोच लगदा पुन्हा जमत नाही. हीच अट शिशुआहार, शेवया, पापड आणि भरडधान्याची बिस्किटे बनवणाऱ्या आजच्या उद्योगांचीही आहे. त्यामुळे एकसारखे पीठ पुरवणाऱ्या उत्पादक कंपनीला ग्राहक मिळण्यासाठी छपाई यंत्रांची वाट पाहावी लागत नाही.

साधारणपणे १०० किलो भात भरडले असता सुमारे २० किलो तूस, ८ किलोच्या आसपास कोंडा आणि ६५ ते ७० किलो तांदूळ मिळतो. या तांदळात कणी किती, हे गिरणीइतकेच शेतावर ठरते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, कोकण किंवा मावळ असो, विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील मुद्द्यांवर भर द्यावा :

१. दाण्यातील ओलावा २० ते २२ टक्के असताना कापणी करावी. पीक शेतात अति वाळू दिल्यास दाण्याला तडे जातात. वाळलेले भात दव किंवा पावसाने पुन्हा भिजले तरी तेच होते.

२. कडक उन्हात एकदम न वाळवता थर वारंवार हलवत टप्प्याटप्प्याने वाळवावे. साठवणुकीपूर्वी ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणावा.

३. भरडताना जाती मिसळू नयेत. कणीच्या प्रत्येक पोत्यावर जात, भरडल्याची तारीख आणि ओलावा नोंदवावा. नोंद नसलेली कणी पशुखाद्याच्या दराने जाते.

४. कणीतील खडे, तूस आणि कोंडा काढून ती ठरावीक जाळीच्या चाळणीतून चाळावी. पिठालाही हाच नियम लावावा.

५. कोंडा वेगळा ठेवावा. त्यातील तेल विकरांमुळे काही तासांतच खवट होऊ लागते, म्हणून उष्णता देऊन तो लगेच स्थिर करावा अथवा ताजाच तेल गिरणीला द्यावा.

नवा पदार्थ करून पाहण्यासाठी स्वतःची यंत्रसामग्री घेण्यापूर्वी उष्मायन केंद्राचा आधार घेणे शहाणपणाचे. तंजावरच्या संस्थेत असे केंद्र आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतही प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्याची जबाबदारी या संस्थेकडे देण्यात आली. छोट्या प्रमाणात नमुना तयार करून, त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून आणि दोन-चार खरेदीदारांना दाखवूनच भांडवली गुंतवणुकीचा निर्णय घ्यावा.

तंजावरच्या संस्थेचा प्रवास पावसात भिजलेल्या भाताच्या राशीपासून सुरू झाला, हे उत्पादक कंपन्यांच्या सभासदांना आवर्जून सांगावे. अन्न छापणारे यंत्र त्या प्रवासात फार पुढे आले. येत्या हंगामात गावपातळीवर करण्याजोगे काम त्यामानाने साधे आहे : एक आर्द्रतामापक, दोन चाळण्या, जातीनिहाय भरडाई आणि पोत्यावर नोंदीची चिठ्ठी.