पीएचडी : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

एम.ए., एम.कॉम. झालेली शिरूर-दौंडकडची मुलंमुली पीएचडीबद्दल विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांनी उत्तर आधीच धरून ठेवलेलं असतं. "सर, ओळख असल्याशिवाय गाईड मिळत नाही ना?", "इंग्रजी फाडफाड यायला लागतं ना?", "पेपर छापायला किती पैसे भरावे लागतात?" ही माहिती कुणी एसटी स्टँडवर सांगितलेली असते, कुणी लग्नाच्या पंगतीत. तिच्या भरवशावर काही जण अर्जच करत नाहीत आणि काही जण भलत्याच माणसाच्या हाती पैसे देऊन बसतात. तालुक्याच्या गावी राहून, नोकरी सांभाळून मी पीएचडी केली. त्या अनुभवावरून एवढं नक्की सांगतो, की हे काम टप्प्याटप्प्याने होतं आणि त्याचे नियम छापलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, सध्याची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची आहे. ती वाचली तर निम्मी भीती जागच्या जागी संपते.

गैरसमज : आपल्या तालुक्यात संशोधन करण्यासारखं आहे काय? आणि जे आहे त्यावर कधीच काम झालंय.

वस्तुस्थिती : शिरूर तालुक्यातलं इनामगाव जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना माहीत आहे. घोड नदीच्या काठावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आणलं. ही वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. पाच खोल्यांचं घर, त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला पुरुष, घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं, असं बरंच काही तिथे मिळालं. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या मानवी सांगाड्यांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये आला.

'काम झालं' म्हणून विषय तिथेच मिटला नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने ऑरेगन विद्यापीठातल्या पीएचडीसाठी इनामगाव, नेवासा आणि दायमाबाद इथल्या बालकांचेच सांगाडे निवडले. हवामान रुक्ष होत गेलं आणि त्यामुळे या वस्त्या खालावल्या, हे जुनं स्पष्टीकरण तिने पुन्हा तपासायला घेतलं. ते काम वाढवून २०११ मध्ये तिने पुस्तक प्रसिद्ध केलं. साहित्य जुनंच होतं, प्रश्न नवा होता. पीएचडीत ज्याला नवेपणा म्हणतात तो एवढाच असतो.

शेती आणि अर्थकारणातही असंच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासोबत शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा घरोघर अभ्यास केला. जमिनीचे तुकडे, कर्ज, उत्पन्न यांच्या नोंदींचं ते पुस्तक १९२१ चं आहे. १८७५ च्या सावकारविरोधी उठावाची ठिणगी सुप्यात पडली आणि लगेचच ती आजच्या दौंड तालुक्यातल्या केडगावात पोचली. त्या उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आजही अभ्यासक उलटतात. शंभर वर्षांपूर्वी नोंदलेलं गाव आज काय खातं, किती देणं लागतं, त्याची जमीन कुणाकडे गेली? रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीने भोवतालच्या गावांची मजुरी कशी बदलली? साखर कारखान्यांच्या परिसरातली ऊसतोड कामगारांची मुलं शाळेत किती दिवस टिकतात? यातला एकेक प्रश्न घेऊन कुणी प्रबंध लिहू शकतं.

गैरसमज : विषय जितका मोठा, तितकी पीएचडी भारी.

वस्तुस्थिती : 'महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती' या शीर्षकाने गाईड खूश होत नाही, काळजीत पडतो. चांगला विषय एका वाक्यात मावतो आणि त्याचं उत्तर तीन-चार वर्षांत एका माणसाला शोधता येतं. गाव, पीक, काळ आणि प्रश्न ठरवून तो जितका आखडता घ्याल, तितकं काम खोल जातं.

विषय आखडल्यावरही चुका व्हायला जागा उरतेच. प्रश्नावलीची आधी चाचणी घ्या म्हणतात, त्याचं कारण मला शिरूर तालुक्यातल्या एका ओट्यावर कळलं. आमच्या छापील प्रश्नावलीत 'दरमहा उत्पन्न किती?' असा रकाना होता. समोरचे आजोबा म्हणाले, "दरमहा? कांदा काय दरमहा निघतो का?" मग त्यांनी हिशोब सांगितला. दोन पिकांची पट्टी, दुधाचा दर दहा दिवसांचा पगार, एका मुलाचा कंपनीतला कंत्राटी पगार आणि सोसायटीचं कर्ज वजा. एका रकान्याच्या जागी पाच रकाने झाले. पहिली प्रश्नावली तशीच शे-दोनशे घरांत फिरवली असती, तर त्यातून आलेले आकडे सुबक दिसले असते आणि सगळे चुकीचे असते.

गैरसमज : पीएचडी तीन वर्षांत होतेच. किंवा, ती कितीही वर्षं रखडवता येते.

वस्तुस्थिती : तीन वर्षं ही किमान मुदत आहे आणि कोर्सवर्क त्यातच धरलेलं आहे. कमाल मुदत प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून जास्तीत जास्त आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. सुरुवातीचं कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं. संशोधन पद्धती आणि संशोधनातली नीतिमत्ता त्यात शिकवतात. त्यात ५५ टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, प्रगती मांडावी लागते. पुष्कळ विद्यार्थी ही नुसती सही-शिक्क्याची बैठक समजतात. समितीतला एखादा सदस्य तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कुठून आला?" उत्तर देता आलं नाही, तर पुन्हा तलाठी कार्यालय, पुन्हा सातबारा. त्या दिवशी राग येतो. पण शेवटच्या मौखिक परीक्षेत तोच प्रश्न बाहेरचा परीक्षक विचारतो आणि तेव्हा उत्तर तयार असतं.

गैरसमज : नोकरी करत पीएचडी होत नाही. आणि उलटा : ती घरबसल्या ऑनलाइन मिळते.

वस्तुस्थिती : अर्धवेळ पीएचडी नियमात बसते. जिथे नोकरी करता तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल, हे नमूद असावं लागतं. कोर्सवर्क आणि सादरीकरणं मात्र चुकत नाहीत. दौंडहून सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात दिवसभर बसणारे आणि शिरूरहून एसटीने रविवार गाठणारे लोक आहेत. थकवा येतोच. पण ठरलेला वार आणि ठरलेले तास पाळले, तर काम सरकतं.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देण्याची मात्र यूजीसीची परवानगीच नाही. 'हजेरीशिवाय, वर्षभरात पीएचडी' अशी जाहिरात दिसली, तर तिथे पैसे भरू नका.

गैरसमज : लग्न ठरलं की मुलीची पीएचडी संपली.

वस्तुस्थिती : घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावं. महिला संशोधकांना पुनर्नोंदणीसह होणाऱ्या आठ वर्षांवर आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं, तर केलेलं काम दुसऱ्या संस्थेत नेण्याचीही तरतूद आहे. फक्त तो विषय पहिल्या संस्थेला मिळालेल्या निधीच्या प्रकल्पातला नसावा. लग्नानंतर नोंदणी रद्द करून टाकणाऱ्या मुलींना ही वाट कुणी दाखवलेलीच नसते. चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांनाही दोन वर्षांची वाढ मिळते.

गैरसमज : गाईडच्या होला हो करावं लागतं, आणि प्रबंध परत आला की नाव बुडालं.

वस्तुस्थिती : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध डी.एस्सी.साठी लंडन विद्यापीठाला १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना प्रबंधातले कित्येक मुद्दे पटले नव्हते. तसं त्यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत उघडपणे लिहिलं आणि मांडणीतल्या ताजेपणाचं कौतुकही केलं. प्रबंध परत येणं ही कामाचीच एक पायरी आहे आणि मतभेद पुराव्यानिशी मांडले, तर ते अपमान ठरत नाहीत.

गाईड मिळण्याबद्दलही नियम आहेत. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. नकार आला, तर कित्येकदा त्याचं कारण एवढंच असतं की जागा भरलेली आहे.

गैरसमज : दहा टक्के चोरी चालते.

वस्तुस्थिती : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई होत नाही, कारण तेवढं साम्य नकळतही येऊ शकतं. उचलेगिरीला ती मोकळीक नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य निघालं, तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. साठ टक्क्यांच्या वर गेलं, तर नोंदणीच रद्द होते. योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक मोह होतो. इंग्रजी पुस्तकातली पानं मराठीत आणली, तर सॉफ्टवेअरला पत्ता लागत नाही, असं त्यांना वाटतं. पण ते पुस्तक वाचलेला परीक्षक दुसऱ्या पानावरच ओळखतो. शिवाय प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात जातो आणि तिथे तो कुणालाही, कधीही वाचता येतो. पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध ही तर उघड फसवणूक आहे. मौखिक परीक्षेत तुमच्या जागी लिहिणारा बसत नाही.

गैरसमज : पैसे भरून पेपर छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही.

वस्तुस्थिती : २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट होती. २०२२ च्या नियमावलीने ती काढून टाकली. काही विद्यापीठांचे आपले वेगळे नियम असतात, म्हणून विद्यापीठाचं चालू परिपत्रक पाहावं. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नये. यूजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिकाची पारख आपणच करायची आहे. संपादक कोण, परीक्षण खरंच होतं का, जुने अंक कसे आहेत, हे पाहून ठरवावं.

गैरसमज : पीएचडी झाली की प्राध्यापकाची नोकरी पक्की.

वस्तुस्थिती : १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अर्हता आहे, पीएचडी ऐच्छिक आहे. नियमानुसार केलेल्या पीएचडीमुळे नेटमधून सूट मिळते, पण जागा निघणं ही वेगळी गोष्ट आहे. नुसत्या नोकरीसाठी आयुष्याची पाच-सहा वर्षं यात घालू नका. प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर मात्र जरूर करा.

पैशाची सोय पाहायची, तर ज्युनिअर रिसर्च फेलोशिप पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिरातींवर आणि मुदतीवर लक्ष ठेवावं.

गैरसमज : इंग्रजी येत नसेल तर विसरा.

वस्तुस्थिती : शोधगंगेवर मराठीत लिहिलेले प्रबंध वाचायला मिळतात. तुमच्या विषयात विद्यापीठ मराठीला परवानगी देतं का, हे नोंदणीपूर्वीच विचारून घ्या. वाचण्यापुरतं इंग्रजी मात्र लागतंच. इनामगावचा अहवालही इंग्रजीतच आहे. वर्षभर रोज दहा पानं नेटाने वाचली की ते जमतं. आमच्याकडच्या मुलांना हे जमताना मी पाहिलंय.

आता सुरुवात कशी करायची, ते सांगतो. आपल्या विषयाचे तीन प्रबंध शोधगंगेवरून उतरवून शेवटपर्यंत वाचा. विद्यापीठाचं प्रवेशाचं परिपत्रक वाचून प्रवेश पेटने, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेने, आहे की नेटच्या गुणांवर, ते पाहा. मग आपला प्रश्न, तो का महत्त्वाचा आणि त्याचा पुरावा कुठे मिळेल, हे एका पानावर लिहा. ते पान घेऊन गाईडकडे जा. चिठ्ठी, शिफारस, ओळख यांच्यापेक्षा त्या पानाचं वजन जास्त असतं, कारण हा विद्यार्थी काम करणार की नाही, हे गाईडला त्यावरूनच कळतं.