विश्लेषण : 'चेक इंजिन'चा दिवा पेटला, गाडी थरथरते... नेमका दोष कसा शोधायचा?

ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या पावणे औद्योगिक पट्ट्यात मोटार कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आणि लहान-मोठी गॅरेजेस आहेत. पावसाळ्यात अशा ठिकाणी एक तक्रार हमखास येते. गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, चढावर झटके देते आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. त्यामुळे हा दिवा नेमके काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

हा दिवा कशासाठी?

इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, धूर वाढवणारा दोष आढळला की हा दिवा लागतो. या व्यवस्थेला 'ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स' म्हणजेच ओबीडी म्हणतात. तिची सुरुवात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रदूषण रोखण्यासाठी झाली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना तिची दुसरी आवृत्ती बंधनकारक झाली. भारतात ती टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे तिचे निकष अधिक कडक झाले. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की ईसीयूने नोंदवलेला कोड वाचता येतो.

गाडी 'मिसिंग' का मारते?

इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० वेळा ठिणगी पडून इंधन जळायला हवे. एखाद्या सिलिंडरमध्ये ते जळले नाही, तर क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो. सेन्सर तो फरक टिपतो. गॅरेजच्या भाषेत यालाच 'मिसिंग' म्हणतात. छोट्या गाड्यांत बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. त्यातला एक बंद पडला तरी तिसरा किंवा चौथा हिस्सा ताकद जाते आणि थरथर जाणवते.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फरक काय?

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकत असेल, तर मिसिंग गंभीर आहे असे समजावे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियमचा लेप असलेली त्यातील जाळी अतिउष्णतेने वितळू शकते. स्वस्तातला प्लग बदलण्याचे काम मग महागड्या कन्व्हर्टरवर जाते. अशा वेळी वेग कमी करून डावीकडे सुरक्षित जागी थांबावे आणि गाडी टो करून न्यावी. ऑइल किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद करावे.

कोड मिळाला म्हणजे दोष सापडला का?

नाही. कोड दिशा दाखवतो, सुटा भाग दाखवत नाही. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. 'पी०३००' म्हणजे एकाहून अधिक किंवा बदलत्या सिलिंडरांत मिसिंग. 'पी०१७१' म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. यातील पहिल्या कोडमागे प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर, तुटलेली वायर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकते.

तपासणीचा योग्य क्रम कोणता?

आधी स्वस्त आणि सोपे, मग महाग. प्रथम वायरिंग व रबरी पाइप डोळ्यांनी पाहावेत. पार्किंगमध्ये उंदरांनी वायर कुरतडणे आणि पावसाचे पाणी कनेक्टरमध्ये शिरणे ही नेहमीची कारणे. त्यानंतर कॉइलची अदलाबदल करावी. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावल्यावर कोड 'पी०३०१'वरून 'पी०३०३' झाला, तर दोष कॉइलचा. कोड हलला नाही, तर प्लग, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. गाडी उभी असताना थरथरते, पण वेगात सुरळीत होते आणि बोनेटखाली हिस्स आवाज येतो, तर एअर लीकचा संशय घ्यावा.

सीएनजी गाड्यांत काय पाहावे?

नवी मुंबईत अनेक गाड्या सीएनजीवर धावतात. त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. मिसिंग फक्त सीएनजीवर होत असेल, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि इंजेक्टर तपासावेत. पण प्लगही विसरू नये. सीएनजीला पेटण्यासाठी अधिक दाबाची ठिणगी लागते, त्यामुळे कमकुवत झालेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो. दोन्ही इंधनांवर त्रास असेल, तर प्लग-कॉइलपासून सुरुवात करावी.

बॅटरी काढून दिवा घालवला तर?

दिवा जातो, दोष राहतो. शिवाय दोष उद्भवला तेव्हाचा वेग, तापमान आणि इंजिनावरील भार यांची नोंदही पुसली जाते आणि मेकॅनिकच्या हातचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढावा. कोणता कोड आला, कोणत्या तपासणीतून निष्कर्ष काढला, हे विचारावे आणि काढलेला जुना भाग पाहायला मागावा. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी थंड व गरम इंजिनावर, संथ व वेगात चालवावी आणि स्कॅनर पुन्हा लावावा. कोड परतला नाही, तरच काम पूर्ण झाले असे मानून बिल चुकते करणे शहाणपणाचे.