रुग्ण समाधानी आहे, पण उपचार योग्य झाला का?

रुग्ण गावातल्या आरोग्य केंद्रात बसलेला असतो आणि दूरच्या शहरातले डॉक्टर पडद्यावरून त्याची चौकशी करतात. या पद्धतीला टेलिमेडिसिन म्हणतात. भारतात इस्रोने २००१ साली उपग्रहाच्या साहाय्याने असे प्रयोग सुरू केले. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले. त्याच वर्षी टाळेबंदीच्या काळात ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा घरबसल्या वापरता येऊ लागली.

अशी सेवा चांगली आहे की नाही, हे कसे ठरवायचे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रुग्णालाच विचारणे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ याचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असे येते. २००० साली फ्रान्सेस मेअर आणि पामेला व्हिटन यांनी अशा ३२ अभ्यासांचा आढावा घेतला. रुग्णांनी सेवेला पसंती दिलेली दिसत होती. तरीही दोघींनी सावध निष्कर्ष काढला. पुष्कळ अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान होती आणि अभ्यासांची आखणीही सदोष होती. त्यामुळे ते निष्कर्ष सगळीकडे लागू करता येत नव्हते.

अशा आकड्यांत चूक कुठे शिरते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० जणांनी डॉक्टरांशी संपर्क साधायचा प्रयत्न केला. ४० जणांचा संपर्क मध्येच तुटला. उरलेल्या ६० जणांना प्रश्नावली दिली आणि त्यांतले ५४ समाधानी निघाले. अहवालात ‘९० टक्के रुग्ण समाधानी’ असे छापले जाईल. पण ज्यांना सेवा हवी होती त्या १०० जणांपैकी समाधानी आहेत ते ५४च. म्हणून टक्केवारी वाचताना ती कितीपैकी आणि कोणापैकी, हे आधी पाहावे.

दुसरा प्रश्न, समाधान कशाचे? तालुक्याच्या दवाखान्यात जायचे तर ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्याला घराजवळ सल्ला मिळाल्याचा आनंद होणारच. तो आनंद खराच आहे. मात्र निदान बरोबर होते की नाही, ते त्यावरून कळत नाही.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला. श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी टेलिमेडिसिनवरून घेतलेले सुमारे ८,४०० सल्ले त्यात तपासले होते. सल्ल्यानंतर रुग्ण डॉक्टरांना पाचपैकी तारे देत. ज्यांना प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) लिहून दिली, त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के रुग्णांनी पाचही तारे दिले. दुसरे काही औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते, तर औषध न मिळालेल्यांत सुमारे ७३ टक्के. आता असे बरेचसे संसर्ग विषाणूंमुळे होतात आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. उलट, विनाकारण वापरामुळे औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढतात. म्हणजे जो डॉक्टर ‘गोळीची गरज नाही’ असे योग्य तेच सांगेल, त्याचे तारे कमी होण्याचा संभव! केवळ ताऱ्यांवरून डॉक्टरांची प्रत ठरवली, तर नको ती औषधे लिहायला आपणच उत्तेजन देऊ.

मग मोजायचे काय? एक, निदान. तोच रुग्ण पडद्यावरून एका डॉक्टरने आणि समक्ष दुसऱ्याने, एकमेकांना न विचारता तपासावा आणि दोन्ही निदाने ताडून पाहावीत. दोन, परिणाम. २०१५ सालच्या कोक्रेन आढाव्यात ९३ चाचण्यांतील २२ हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली होती. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांइतकेच आढळले, तर मधुमेहींच्या रक्तातील साखर अधिक आटोक्यात राहिली. टेलिमेडिसिनच्या बाजूने बोलणारा हा पुरावा समाधानाच्या आकड्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

याचा अर्थ रुग्णाला विचारूच नये असा नाही. नाराज रुग्ण औषध अर्धवट सोडतो, पुन्हा येत नाही. फक्त प्रश्न नेमके हवेत. किती वेळ थांबावे लागले? डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकू आले का? औषध कधी व किती घ्यायचे, ते आता सांगता येईल का?

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. एखादा धडा शिकवून झाल्यावर मुलांना दोन गोष्टी द्याव्यात : ‘धडा समजला का?’ हा प्रश्न आणि त्याच धड्यावरची पाच गणिते. ‘समजला’ म्हणणारे किती आणि गणिते सोडवू शकणारे किती, हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावे. समाधान आणि परिणाम या दोन वेगळ्या राशी आहेत, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.