गाडी कोणासाठी थांबते?

मागच्या पावसाळ्यात रस्त्याकडेला हात करणारे एक म्हातारे बाबा मला दिसले. मी नजर वळवली आणि गाडी पुढे काढली. तेव्हापासून विचार करतोय, लिफ्ट मागणाऱ्यासाठी आपण थांबतो ते कशामुळे?

आधी साधा हिशोब. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. माणूस १०० मीटरवरून दिसला, तर ठरवायला जेमतेम ६ सेकंद मिळतात. म्हणून गतिरोधकापाशी, गाडी बाजूला घ्यायला जागा असेल तिथे उभं राहावं.

दुसरी गोष्ट नजरेची. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. लिफ्ट मागणाऱ्याने चालकाकडे रोखून पाहिलं, तेव्हा जास्त गाड्या थांबल्या. मला वाटतं, नजरेला नजर भिडली की ‘दिसलंच नाही’ ही सबब उरत नाही. बाबांकडे बघायचं मी टाळलं, ते त्यासाठीच.

आता कोणी हात केला की मी आधी वेग कमी करतो आणि त्या माणसाकडे नीट बघतो. थांबायचं की नाही, ते त्यानंतर ठरवतो.