तीन हजारांची पावती

परवा रात्री साडेनऊला शेजारच्या वहिनींचा मुलगा दार वाजवून आत आला. हातात सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना. ‘‘काका, या रकान्यात काय लिहू?’’ रकाना असा होता : आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय?

२०१७ साली, एकोणीस वर्षांचा असताना, हॉस्टेलमागच्या टेकडीवर गांजा ओढताना तो पकडला गेला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी कानमंत्र दिला, ‘कबूल कर, दंड भर, संध्याकाळी मोकळा!’ त्याने तीन हजार भरले, पावती पुस्तकात दडवली. घरी पत्ता नाही.

आयुष्यभर वकिली केली, तेव्हा हा कानमंत्र मला पाठ आहे. दंड म्हटले की पोरांना तो सिग्नल तोडल्यासारखा वाटतो. पण ती दोषसिद्धी असते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे २७ वे कलम सेवनासाठी आहे. गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (भांगेची नुसती पाने या कायद्याच्या ‘गांजा’त बसत नाहीत. एकाच झाडाचा पाला सुटतो, शेंडा अडकतो!)

‘‘हे पुसून टाकायचा काही अर्ज असेल ना?’’

नाही. प्रौढ माणसाची दोषसिद्धी अमुक वर्षांनी खोडून टाकावी, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. अठरा वर्षांखालच्यांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ती सवलत आहे. अपात्रता लागत नाही, कागदपत्रेही मुदतीनंतर नष्ट करतात. हा वर्षभराने चुकला. अपील म्हणावे, तर कबुली दिल्यावर भांडता येते ते फक्त शिक्षेपुरते.

मला चुटपुट लागली ती निराळ्याच गोष्टीची. दार होते, पण ते त्या दिवशी होते. २७ व्या कलमाला १९५८ चा परिवीक्षा कायदा लागू आहे. न्यायाधीशांनी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असते, तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता त्याला चिकटली नसती. खरोखरचा व्यसनी स्वतःहून उपचारांना गेला, तर याच कायद्यातले ६४-अ कलम त्याला खटल्यापासून वाचवते. पण मागायला हवे ना! व्हरांड्यातल्या सल्लागाराला घाई असते, पोराला त्याहून जास्त.

‘‘मग सरळ ‘नाही’ लिहितो. कोण बघतंय?’’

पोलीस बघतात. पडताळणीला फॉर्म त्यांच्याकडेच जातो. अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हाच प्रश्न तपासला. माहिती खरीच द्यायला हवी. तरुणपणीचा क्षुल्लक गुन्हा दडवला असेल, तर नोकरी देणारा तो माफ करू शकतो. पण खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, अशी सक्ती त्याच्यावर नाही. हे शेवटचेही मी त्याला सांगितले. खोटी आशा लावून काय करू?

बराच वेळ तो पेनाचे टोपण उघडत-लावत बसला. मग ‘होय’ लिहिले. निकालाच्या नकलेसाठीचा अर्ज मी तिथेच लिहून दिला.

‘‘बाबांना तुम्ही सांगाल?’’

‘‘तू सांग. मी बरोबर येतो.’’

आम्ही बाहेर आलो, तेव्हा वहिनींच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.