दुखणं विचारायची रीत

पाटण तालुक्यातल्या वाड्यांवर म्हाताऱ्या बायकांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा, तर पहिलं काम वय ठरवण्याचं. पुष्कळजणींच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारीच असते. मग आम्ही कोयनेच्या भूकंपाचा आधार घेतो. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट त्यांच्या पक्की लक्षात आहे. "तवा थोरला अंगावर पीत हुता," एवढं कळलं की मागे लग्नापर्यंत आणि पुढे मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपापर्यंत वर्षं लावता येतात.

नंतर मोजमाप. कमरेत वाकलेल्या बाईची उंची उभ्या पट्टीवर खरी येत नाही. तिला बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची घ्यायची आणि त्यावरून हिशेब करायचा. पकडीचं यंत्र हातात दिलं, की ती आधी पदराला हात पुसते आणि मग सगळा जीव एकवटून मूठ आवळते.

खरी अडचण साध्या प्रश्नाची. "तब्येत कशी आहे, आजी?" "बरी हाय की." सून जवळ असेल तर हे उत्तर हमखास येतं. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूरला झालेल्या पाहणीत ४८.५ टक्के विधुरांनी प्रकृतीची तक्रार केली, विधवांपैकी अवघ्या २.५ टक्के बायकांनी. अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आणले. सोसणं अंगवळणी पडलं, की माणूस दुखणं मोजायचंच सोडून देतो.

म्हणून मी कामाचं विचारते. भाताची लावणी यंदा कुणी केली? हंडा कोण उचलतं? चुलीपुढून उठताना कशाला धरता? मग गुडघे, खाली आलेलं अंग, मोतीबिंदू, सगळं बाहेर येतं. नवरा मुंबईत गिरणीत होता, त्याला विम्याचा दवाखाना होता. गावी शेत ओढणाऱ्या हिच्यापर्यंत तो कधी पोचला नाही. दोघांच्या म्हातारपणातलं अंतर तिथूनच पडत गेलं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या वार्धक्यावरच्या 'लासी' पाहणीच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारलेच, शिवाय रक्तदाब, पकड आणि चालही तपासली. त्याचं मोल मला इथे कळतं. देशाचा आकडा हवाच. पण दारात बसून, वर्षानुवर्षं त्याच घरी जाऊन विचारणारं माणूसही हवं. नाहीतर "बरी हाय" हेच कागदावर उतरेल आणि दवाखान्याचा निधी त्याच कागदावरून ठरेल.