ज्युरी नानावटी खटल्याने गेली नाही

नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजांना गोळ्या घातल्या, ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले आणि त्या निकालाने हादरलेल्या सरकारने ज्युरीच मोडीत काढली, अशी समजूत घराघरांत आहे. तारखा मात्र वेगळेच सांगतात. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ज्युरी बंद करण्याची शिफारस १९५८ सालच्या चौदाव्या अहवालात केली, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्यापूर्वीच. शिवाय ज्युरी देशभर एकसारखी कधी नव्हतीच. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २६९ नुसार कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यांसाठी सत्र न्यायालयात ज्युरी बसवायची, हे प्रांतांची आणि पुढे राज्यांची सरकारे ठरवत. त्यामुळे एकाच गुन्ह्याचा खटला एका जिल्ह्यात ज्युरीपुढे चाले, तर दुसरीकडे चालत नसे. पश्चिम बंगालमध्ये तर नानावटी प्रकरणानंतरही बरीच वर्षे ज्युरी बसत होती. सर्वत्र पडदा पडला तो १९७३ च्या नव्या संहितेने. ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली.

यावर कोणी म्हणेल, वृत्तपत्रांच्या प्रचाराला भुलून आठ विरुद्ध एक असा कौल देणाऱ्या ज्युरीनेच स्वतःची लायकी दाखवली ना? ज्युरीविरोधकांच्या हाती आयते उदाहरण आले, हे मान्य. पण सारा दोष त्या नऊ जणांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ज्युरर हवे तसे गोळा केलेले नसत. बोलावलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि त्यांच्यावर हरकत घेण्याची सोय होती. त्यांना कायदा समजावून सांगणे हे न्यायाधीशाचे काम. या खटल्यात नेमके तिथेच चुकले. अचानक चिथावणी मिळाली किंवा गोळी अपघाताने सुटली, असा बचाव घेतला तर तो अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे ज्युरीला नीट सांगितलेच गेले नाही. सत्र न्यायाधीशांनी कौल न स्वीकारता कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने नानावटींना जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुकाही मान्य केल्या. म्हणजे ज्युरीचा कौल दुरुस्त करण्याची वाट त्याच जुन्या कायद्यात होती आणि ती वापरलीही गेली.

ज्युरी देशातून पूर्ण नाहीशी झाली, हेही अर्धसत्य आहे. पारशी विवाह व घटस्फोट कायद्याखालील न्यायालयांत न्यायाधीशाला साहाय्य करायला पारशी समाजातले पाच प्रतिनिधी बसवण्याची तरतूद आहे, आणि त्यांची नेमणूक राज्य सरकारच करते.